साडेचारशे किलोमीटर आणि एका रात्रीची झोप

स्वारगेटला राहणाऱ्याला घड्याळाची फारशी गरज पडत नाही. पहाटे गाड्या स्टँडवर लागू लागल्या की समजायचं, फज्रची वेळ जवळ आली. माझे सासरे, म्हणजे आमचे अब्बा, एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी खाटेवर पडल्या पडल्या आवाजावरून गाडीचा गिअर सांगतात. त्यांचा उल्लेख आधीच करते, कारण या लेखातला निम्मा शहाणपणा त्यांचा आहे.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत, इन्शाअल्लाह, आम्ही चौघं उमराहला जाणार आहोत. अब्बा, अम्मी, माझे पती आणि मी. धाकटा दीर अकरा वर्षांपासून जेद्दाहला नोकरीला आहे. त्याची स्वतःची गाडी आहे, तिथला परवाना आहे. साहजिकच ठरलं की मक्केहून मदिनेला तोच आपल्या गाडीतून नेईल. मे महिन्यात एका रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने बेत सांगितला. तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. "गुरुवारी पाचला माझी ड्युटी सुटते. सातपर्यंत मक्केत येतो. हरममध्ये इशा पढू, जेवू आणि दहाला निघू. रस्ता सरळसोट आहे, रात्री गर्दी नाही, ऊनही नाही. अडीच-तीनला मदिना! शनिवारी मी परत."

सगळे खूश झाले. अब्बा मात्र काहीच बोलले नाहीत. कॉल संपल्यावर त्यांनी विचारलं, "गुरुवारी हा पोरगा उठणार किती वाजता?"

मी शिक्षिका. प्रश्न आला की वही काढायची सवय. फज्रला, म्हणजे पाचच्या सुमारास उठणार. मग दिवसभर काम, त्यानंतर जेद्दाह ते मक्का सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि रात्री दहाला साडेचारशे किलोमीटरची सुरुवात. पुणे ते पणजी जेवढं अंतर, साधारण तेवढं. निघतानाच त्याला जागं होऊन सतरा तास झालेले असतील आणि पोहोचताना जवळपास बावीस. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची चलाखी किती कमी होते, हे संशोधकांनी मोजलेलं आहे. रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी. भारतात वाहन चालवताना कायद्याने मान्य मर्यादा ०.०३ टक्के आहे. ज्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही, त्या घरातला सरळमार्गी मुलगा केवळ न झोपल्यामुळे तशा अवस्थेत स्टिअरिंगवर बसणार होता, आणि आम्ही मागे बसून तस्बीह फिरवणार होतो.

रस्ता सरळ आहे ही जमेची बाजू वाटते, पण धोका तिथेच आहे. आपल्याकडे समृद्धी महामार्ग झाल्यावर 'महामार्ग संमोहन' हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचला. वळण नाही, चढ नाही, सिग्नल नाही. डोळे उघडे असतात आणि मेंदू मात्र निजू लागतो. १ जुलै २०२३ ला त्याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणाऱ्या बसमध्ये पंचवीस माणसं गेली. तीही वेळ मध्यरात्रीनंतरचीच. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मक्केहून मदिनेला निघालेली बस तेलाच्या टँकरला धडकून चाळीसहून अधिक भारतीय यात्रेकरू दगावले, त्यातले बहुतेक हैदराबादचे. या अपघातांच्या कारणांवर बोलणं माझं काम नाही. पण दोन्ही वेळा रात्र होती, आणि दुसरा रस्ता तर आमचाच होता.

ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर सव्वाशेहून अधिक मीटर गाडी कोणीही चालवत नसतं. दिराला हे सांगितलं तर तो हसला. "भाभी, तुम्ही वर्गातल्यासारखं बोलताय. अकरा वर्षांत कितीदा गेलोय मी! क्रूझ कंट्रोल लावतो, कडक चहा घेतो."

तेव्हा अब्बांनी फोन हातात घेतला आणि आम्ही कधीच न ऐकलेली गोष्ट सांगितली. वीसेक वर्षांपूर्वी एका लग्नाहून ते नातेवाइकाची जीप घेऊन साताऱ्याहून परतत होते. दोन दिवस लग्नाची धावपळ, झोप नाही. खंबाटकी उतरून शिरवळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांचा डोळा लागला. शेजारी अम्मी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवरचा पानाचा डबा घसरून खाली पडला, त्या आवाजाने अब्बा जागे झाले. जीप तोपर्यंत रस्त्याच्या कडेच्या खडीत उतरली होती. "ड्युटीवर मी कायम झोप मोजून गाडी घेतली. घरच्या गाडीला मात्र नियम लावले नाहीत. आपलेच लोक बसलेत, चालतं, असं वाटलं." अम्मी थक्क होऊन ऐकत होत्या. इतकी वर्षं त्यांना डबा पडल्याचंच तेवढं दुःख होतं, सुपारी सांडली म्हणून.

दीर गप्प झाला. मग खरी आखणी सुरू झाली.

पहिला पर्याय रेल्वेचा होता, आणि तो चांगला आहे. २०१८ पासून धावणारी हरमैन रेल्वे हेच अंतर सव्वादोन तासांच्या आसपास कापते. ज्यांचं कोणी तिथे नाही त्यांनी आधी तिचाच विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पण अम्मींना मुलाच्या गाडीत बसायचंय. अकरा वर्षं त्या गाडीचे फोटो पाहिलेत. त्यापुढे माझी वही चालत नाही.

मग ठरलं असं: गुरुवारी दिराने यायचं, जेवायचं आणि आमच्याच हॉटेलात झोपायचं. शुक्रवारी जुमा हरममध्ये, अम्मींची तीच इच्छा. त्या रात्री सगळ्यांनी लवकर पाठ टेकायची आणि शनिवारी फज्रनंतर नाश्ता करून निघायचं. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर आपोआप झोपेकडे ओढतं. सकाळी सातला निघालो तर थांबत थांबतही दीडच्या आत मदिना गाठता येते.

थांबे दर दीड तासाला. अम्मींच्या गुडघ्यांना आणि साखरेला ते हवेच आहेत. तिथे बहुतेक पेट्रोल पंपांवर मशीद, वजूची जागा आणि दुकान असतं, त्यामुळे अडचण नाही. इन्सुलिन थर्मासमध्ये, बर्फाच्या पिशवीसोबत. बंद गाडीत विसरायचं नाही. नमाजच्या सवलतींचा तपशील आपापल्या इमामसाहेबांना विचारून जावं. वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून कडेला थांबलो तरी डावीकडचं दार उघडायचं नाही. आम्हा पुणेकरांना हे चारदा बजावावं लागणार. पट्टा मागच्यांनीही बांधायचा. टाकी अर्धी झाली की भरायची. टायरची हवा आदल्या दिवशी, टायर थंड असताना बघायची. उंट रस्त्यावर येऊ शकतात. आपल्याकडे गाय येते तसेच, फक्त वजनाने कितीतरी जास्त. रुग्णवाहिकेचा नंबर ९९७, तो प्रत्येकाच्या फोनमध्ये. चालकाला झोप आली तर गाणी, गप्पा, खिडकीचा वारा यांतलं काही कामाचं नाही. गाडी पंपावर लावायची आणि वीस मिनिटं डोळे मिटायचे. तेवढा वेळ कोणीही "चला" म्हणायचं नाही, अम्मींनीसुद्धा.

हे लिहिताना मला त्या वाटेवरचा पहिला प्रवास आठवत राहिला. हिजरतच्या वेळी रस्त्याचा जाणकार म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित आधीच ठरवलेला होता. उंट तयार ठेवलेले होते. हजरत अस्मांनी शिदोरी बांधली. निघताना थेट मदिनेची दिशा न धरता आधी दक्षिणेला सौर गुहेकडे जायचं, तीन रात्री थांबायचं, हेही ठरलेलं होतं. तवक्कुल होता आणि आखणीही होती. आम्ही मात्र गुरुवारी दहाला निघणार होतो, कारण एक दिवसाची रजा वाचत होती.

रजेचा मुद्दा किरकोळ नाही. नव्या बेतात दिराला रविवारची रजा घ्यावी लागते आणि ती बिनपगारी आहे. अब्बा म्हणाले, "त्या दिवसाचा पगार माझ्या पेन्शनमधून घे." तो नको म्हणाला, ते हट्टाला पेटले. अजून मिटलेलं नाही.

एवढं सगळं मांडून वही बंद करणार, तोच अम्मींनी विचारलं, "आणि हा एकटा परत कसा येणार?"

हे आमच्यातल्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. चार प्रवासी पोहोचले की आमची यादी संपत होती. त्याच रस्त्याने चारशे किलोमीटर, गाडीत बोलायला कोणी नाही, आईला सोडून निघालेला. त्याच्या पहिल्या बेतातही हे होतंच, आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मग वहीत नवं पान उघडलं. रविवार. शनिवारी संध्याकाळी त्याने कुठेही फिरायला न्यायचं नाही, खरेदी आम्ही आमची करू. रात्री दहाला झोप. सकाळी आठला निघायचं, तीन थांबे, प्रत्येक थांब्यावर उतरून एक फोन. गाडी चालवताना आम्ही त्याला फोन करायचा नाही, कितीही काळजी वाटली तरी. अब्बांनी पानावर स्वतःच्या हाताने रकाने आखले: सुटण्याची वेळ, थांबा, पोहोचण्याची वेळ.

रजेचा अर्ज त्याने गेल्या आठवड्यात दिला आहे. मंजूर झाला की मदिनेच्या हॉटेलात त्याच्यासाठी एक खाट वाढवायची आहे.