देवमाशांच्या पाठीवरील सागरी वेधशाळा

हवामान बदलाच्या अभ्यासात महासागरांच्या निरीक्षणांना अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता समुद्र शोषून घेतो. ती किती खोलवर जाते हे मोजण्यासाठी भारतासह अनेक देशांनी ‘आर्गो’ कार्यक्रमांतर्गत सुमारे ४,००० स्वयंचलित तरंगती उपकरणे समुद्रात सोडली आहेत. भारताच्या वतीने हे काम हैदराबादचे ‘इन्कॉइस’ पाहते. ही उपकरणे २,००० मीटरपर्यंत खाली जाऊन पुन्हा वर येतात आणि नोंदी उपग्रहाकडे पाठवितात. मात्र पृष्ठभागच गोठलेला असेल तर ही व्यवस्था अडखळते. ध्रुवीय हिवाळ्यात जहाजांचा मार्गही बंद होतो.

ग्रीनलंड आणि कॅनडाचे बॅफिन बेट यांमधील बॅफिन उपसागर हे याचे ठळक उदाहरण होय. हिवाळ्यात दाट हिमाने झाकल्या जाणाऱ्या या उपसागरात नारव्हाल हा लांब सुळ्याचा देवमासा मुक्कामाला येतो आणि हॅलिबट माशांच्या शोधात दिवसातून अनेकदा तळाकडे बुडी मारतो. देवमासा हा वस्तुतः मासा नसून सस्तन प्राणी आहे. श्वासासाठी त्याला हिमातील भेगांपाशी यावेच लागते, आणि शास्त्रज्ञांना नेमका याचाच उपयोग झाला. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून प्रवास करू शकत नाहीत. त्यामुळे पाण्याखाली घेतलेली तापमान व खोलीची नोंद प्राणी वर आल्यावरच उपग्रहाकडे धाडता येते.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या क्रिस्टिन लेडर आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २००७ या काळात पश्चिम ग्रीनलंडच्या मेलव्हिल उपसागरात १४ नारव्हालांवर अशी उपकरणे बसविली. त्यांतील सर्वांत खोल नोंद १,७७३ मीटरवरील होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दक्षिण बॅफिन उपसागरातील हिवाळी तापमान प्रचलित सरासरीपेक्षा सुमारे ०.९ अंश सेल्सिअसने अधिक आढळले. वरचा थंड थरही ५० ते ८० मीटरने पातळ होता. अर्थात, जुन्या सरासरीचा आधार असलेल्या हिवाळी नोंदीच तुटपुंज्या होत्या. त्यामुळे हा संपूर्ण फरक तापमानवाढीचा मानणे घाईचे ठरेल. तरीही त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. अटलांटिकमधून येणारे उबदार पाणी ग्रीनलंडच्या समुद्राला भिडणाऱ्या हिमनद्यांना खालून पोखरते, आणि तेथील वितळलेल्या बर्फाने जगभरच्या समुद्राची पातळी वाढते.

दक्षिण गोलार्धात हेच काम ‘एलिफंट सील’ करीत आहेत. त्यांच्या उपकरणांत क्षारताही मोजली जाते. क्षारता व तापमान दोन्ही ठाऊक असल्यास पाण्याची घनता काढता येते आणि प्रवाहांचा उलगडा होतो. २०१३ मध्ये अंटार्क्टिकातील केप डार्नलीजवळ महासागराच्या तळाशी जाणारे अतिथंड पाणी तयार होते, हे सिद्ध करण्यात या सीलांच्या नोंदींचा मोठा वाटा होता.

या नोंदी गोळा करणाऱ्या उपग्रह यंत्रणेचे नाव ‘आर्गोस’ आहे. ‘आर्गो’शी नामसाधर्म्य असले तरी त्या दोन भिन्न व्यवस्था आहेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेल्या भारत-फ्रान्स ‘सरल’ उपग्रहावर आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रक्षेपित झालेल्या ‘ईओएस-०६’ वरही आर्गोसची उपकरणे होती.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. प्राणी आपल्या भक्ष्यामागे जातो, शास्त्रज्ञाच्या नकाशाप्रमाणे नव्हे. शिवाय त्याची किंमत प्राण्यालाच मोजावी लागते. सीलच्या केसांवर चिकटविलेले उपकरण वार्षिक केसगळतीबरोबर आपोआप सुटते. नारव्हालला मात्र जाळ्यात धरून, पाठीच्या उंचवट्यात खिळ्यासारख्या दांड्या घालून ते बसवावे लागते. पूर्व ग्रीनलंडमध्ये जाळ्यातून सुटलेल्या नारव्हालांच्या हृदयाचे ठोके जिवाच्या आकांताने पोहत असतानाही मिनिटाला तीन-चारपर्यंत उतरल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले.