आग विझवणारा फेस

जळत्या तेलावर पाणी ओतले, तर आग विझत नाही, उलट पसरते. तेल पाण्याहून हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते आणि जळतच राहते. मोठ्या विमानाच्या टाक्यांत तर हजारो लिटर इंधन असते. म्हणून विमानतळावरील अग्निशामक दल अशा आगीवर फेसाचा मारा करते. फेसाचा थर इंधनावर गोधडीसारखा पसरतो, हवा तोडतो आणि आग गुदमरून विझते.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेने एक नवा फेस सिद्ध केला. त्याचा पातळ पापुद्रा इंधनावर क्षणार्धात पसरे. हा गुण त्यातील फ्लुओरिनयुक्त रसायनांचा होता. कार्बन आणि फ्लुओरिन यांच्या अणूंचे बंधन अतिशय बळकट असते. परंतु जो गुण आगीत उपकारक, तोच मातीत अपकारक ठरला. ऊन, पाऊस वा जंतू यांपैकी कोणीही ही रसायने सहज मोडू शकत नाही. सरावाच्या वेळी फवारलेला फेस जमिनीत मुरतो. त्यातील रसायने भूजलात उतरतात आणि पिण्याच्या पाण्यावाटे माणसाच्या रक्तात साठतात.

स्वीडनमधील रोनेबी येथे असेच घडले. लष्करी विमानतळावर अनेक वर्षे अशा फेसाने सराव चालत असे. २०१३ च्या डिसेंबरात जवळच्या एका जलकेंद्राच्या पाण्यात ही रसायने मोठ्या प्रमाणात आढळली आणि ते केंद्र तत्काळ बंद करण्यात आले. पाण्याला ना रंग, ना वास. त्यामुळे नागरिक वर्षानुवर्षे ते निःशंकपणे पीत होते. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. रक्तात ही रसायने वाढणे हीच शारीरिक इजा होय, असा निर्णय स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला.

यावर उपाय आहेत. सराव साध्या पाण्याने करता येतो. वापरलेला फेस गटारात न सोडता टाक्यांत साठवता येतो. दूषित पाणी विशेष कोळशाच्या थरातून गाळता येते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे फ्लुओरिनविरहित फेस. लंडनच्या हीथ्रो विमानतळाने तो २०१२ मध्ये स्वीकारला. मात्र फेस बदलताना गाड्यांच्या टाक्या व नळ्या कसून धुवाव्या लागतात. अन्यथा जुन्या रसायनाचा अंश नव्या फेसात मिसळतो.

विमानातील प्रवाशांचे प्राण वाचवणे हे अग्निशामक दलाचे कर्तव्यच आहे. ते बजावताना शेजारच्या गावाची विहीरही निर्मळ राहिली पाहिजे.