मुखपट्टी कोणाचे रक्षण करते?

निरोगी माणसाने तोंडाला पट्टी बांधली तर त्याचा बचाव होतो काय, हा प्रश्न विद्यार्थी आणि कार्यकर्ते मला अजून विचारतात. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

बोलताना-खोकताना विषाणू थेंबांतून आणि हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांतून बाहेर पडतो. साधे कापड मोठे थेंब अडवते. सूक्ष्म कण मात्र विणीतून आणि गालाजवळच्या फटीतून आत शिरतात. एन-९५ मास्कचे तंतू विद्युतभारित असतात. तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण अडवतो. पण चेहऱ्यावर घट्ट बसला तरच.

आता पुरावा पाहू. २०२० साली डेन्मार्कमध्ये सुमारे ६००० लोकांवर प्रयोग झाला. सर्जिकल मास्क वापरायला सांगितलेल्यांत १.८ टक्के, तर इतरांत २.१ टक्के लोकांना करोनाची लागण झाली. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. शिवाय सांगितल्याप्रमाणे मास्क वापरणारे निम्म्याहून कमी होते, आणि भोवतालचा समाज उघड्या तोंडानेच वावरत होता. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये सुमारे ६०० गावे निवडून निम्म्या गावांत मास्क वाटले गेले. तेथे वापर ४२ टक्के झाला. इतर गावांत तो १३ टक्केच होता. लक्षणांसह लागण सुमारे ९ टक्क्यांनी घटली. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांतील साठीपुढच्या लोकांत ३५ टक्क्यांनी. डेन्मार्कने एकट्याचा बचाव मोजला, बांगलादेशाने गावाचा.

याचा अर्थ असा की, एकट्याने बांधलेली साधी पट्टी थोडेच रक्षण करते. दोघांनीही बांधली तर कण निघतानाही अडतात आणि शिरतानाही.

येथे आपला प्रश्न सुरू होतो. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. तो नियम एकाच बाजूवर लादलेला होता. घरकामाला येणाऱ्या बाईने पट्टी बांधायची आणि मालकिणीने उघड्या तोंडाने तिला काम सांगायचे, हा त्याच नियमाचा नवा अवतार होय. त्यात विज्ञान नाही. कारण विषाणू मालकिणीकडूनही बाईकडे जातो.

सफाई कामगाराला घरात बसून काम करता येत नाही. त्याच्यासाठी घट्ट बसणारा मास्क ही दया नव्हे, ते त्याच्या कामाचे अवजार आहे. झाडूइतक्याच हक्काने ते मागितले पाहिजे.