एपकॉटचा निळा डबा: काय दिसतं आणि का दिसतं

फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळचं डिस्नेचं एपकॉट पार्क १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडलं. मागच्या अंगाला एक मोठं तळं आहे आणि त्याच्या काठाने अकरा देशांचे देखावे: मेक्सिको, नॉर्वे, चीन, मोरोक्को, फ्रान्स वगैरे. पुढच्या भागात 'युनिव्हर्स ऑफ एनर्जी' नावाचं दालन होतं. ते बंद करून तिथे 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' या चित्रपटांवर बेतलेली रोलर कोस्टर आणणार, असं डिस्नेने जुलै २०१७ मध्ये जाहीर केलं. ऑगस्टात जुनं दालन बंद झालं. 'कॉस्मिक रिवाइंड' ही नवी राइड सुरू झाली ती २७ मे २०२२ रोजी.

मधल्या पावणेपाच वर्षांत पार्कवेड्या मंडळींनी मोनोरेलमधून, पार्किंगमधून, विमानातूनसुद्धा बांधकामाचे फोटो काढले आणि त्यांवर वाद घातले. वादाचं मूळ म्हणजे तळ्याच्या पलीकडून दिसणारी अवाढव्य निळसर इमारत. चार 'स्पेसशिप अर्थ' म्हणजे एपकॉटचे ते प्रसिद्ध १८० फुटी गोल आत मावतील, असं खुद्द डिस्नेनेच सांगितलं होतं. अशा इमारतींबद्दल तेव्हा जे गैरसमज फिरत होते, ते प्रत्येक नव्या राइडच्या वेळी पुन्हा वर येतात.

'आता दिसतंय, कारण काम चाललंय. झाडं लावली की झाकलं जाईल.'

डिस्नेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा लाडका युक्तिवाद होता आणि तो भूमितीत टिकत नाही. समजा, माणसाचा डोळा जमिनीपासून ५ फुटांवर आहे. त्याच्यासमोर ६० फुटांवर ३० फूट उंच झाड आहे. झाडामागे आणखी १८० फुटांवर १०० फूट उंच इमारत आहे. डोळ्यापासून झाडाच्या शेंड्यावरून सरळ रेघ काढली तर ती इमारतीच्या जागी १०५ फुटांवर पोचते. म्हणजे इमारत पूर्ण झाकली गेली. आता तोच माणूस ६० फूट मागे सरकला. झाड तेच, इमारत तीच. पण रेघ आता ६७ फुटांवरच इमारतीला लागते आणि वरचे सुमारे ३३ फूट उघडे पडतात. झाडापासून ६०० फुटांवर गेला तर जवळजवळ ६२ फूट दिसू लागतात.

थोडक्यात, जवळच्या माणसासाठी झाड भिंत असतं, लांबच्यासाठी नुसतं झुडूप. अरुंद गल्ल्यांच्या पार्कात त्यामुळे निभावून जातं. मागे सरकायला जागाच नसते, नजर दुकानांच्या दर्शनी भागावर अडते. एपकॉटमध्ये मध्ये आहे उघडं पाणी. पलीकडच्या काठावर उभं राहिलं की नजर अडवायला काहीच नाही आणि अंतर भरपूर. तळ्याकाठच्या त्या लांब, मोकळ्या दृश्यासाठीच तर लोक तिथे येतात. ज्या मोकळेपणाने जागा सुंदर केली, त्यानेच मागची इमारत उघडी पाडली. सांगाड्याचे फोटो पाहून 'हे झाकलं जाणार नाही' म्हणणाऱ्यांना तेव्हा रडके ठरवलं गेलं. त्यांचं म्हणणं बरोबर निघालं.

एक मात्र त्यांनाही मान्य करावं लागेल. उघडा पोलादी सांगाडा आणि त्यावरच्या क्रेन यांचा फोटो लांब लेन्सने काढला की मागची वस्तू पुढच्या देखाव्याला चिकटल्यासारखी, प्रत्यक्षाहून जवळ वाटते. फोटो खोटा नसतो, पण तिथे उभ्या माणसाला तसं दिसत नसतं.

'रंग दिला की इमारत गायब होते.'

डिस्नेचा एक ठरावीक मळकट हिरवा रंग पार्कप्रेमींना पाठ आहे. कुंपणं, विजेच्या पेट्या, मागची दारं त्याने रंगवतात आणि नजर त्यांच्यावरून घसरते. मागे झाडी असेल तिथे ही युक्ती चालते. कॉस्मिक रिवाइंडची भिंत झाडांच्या वर आकाशात जाते, म्हणून तिला निळसर रंग दिला गेला. पण आकाशाचा एकच रंग कुठे असतो? फ्लोरिडात उन्हाळ्याच्या दुपारी काळे ढग भरून येतात, तेव्हा फिकी निळी भिंत उलट उठून दिसते; मावळतीला तर आणखीच. शिवाय डोळा रंगाआधी कड पकडतो. एवढी लांब, सरळ, आडवी कड निसर्गात सहसा नसते.

'मग जमिनीत का नाही पुरली?'

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात इंग्लंडमधलं ऑल्टन टॉवर्स असतं. स्टॅफर्डशायरमधल्या त्या पार्कात जुना वाडा आणि जपलेली बाग आहे, आणि राइड झाडांच्या शेंड्यांवर जाऊ नयेत हे बंधन तिथे कायम मानगुटीवर. म्हणून १९९४ ची 'नेमेसिस' खडक फोडून काढलेल्या खड्ड्यात बसवली. तिची जमिनीपासूनची उंची ४३ फूट, पण सर्वांत मोठी उडी १०४ फुटांची. १९९८ ची 'ऑब्लिव्हियन' तर सरळ जमिनीतल्या भोकात शिरते.

फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं. भूजल इतकं वर की खोल खणणं म्हणजे पंप कायमचे चालू ठेवणं. म्हणूनच शेजारच्या, डिस्नेच्याच मॅजिक किंगडम पार्कमधले कर्मचाऱ्यांचे ते प्रसिद्ध 'भूमिगत' बोगदेही खरं तर भूमिगत नाहीत. ते जमिनीच्या पातळीवर बांधले, बाहेरचं तळं खणताना निघालेली माती भोवती भरली आणि पार्क त्यांच्या वर उभं केलं. पाहुणे नकळत पहिल्या मजल्यावर फिरत असतात.

जाता जाता, ऑल्टनवरून 'इंग्लंडात उंच राइडना बंदीच आहे' असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. ऑल्टन चालवणाऱ्याच मर्लिन कंपनीच्या थॉर्प पार्कमध्ये २०२४ साली 'हायपेरिया' सुरू झाली, २३६ फूट. परवानगी जागा पाहून मिळते.

'१९९ फुटांच्या वर जाणं सुरक्षित नसतं.'

डिस्नेचा 'टॉवर ऑफ टेरर' १९९ फूट, 'एक्सपेडिशन एव्हरेस्ट' १९९.५ फूट. या आकड्यांमागे राइडची सुरक्षा नाही, विमानं आहेत. अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याच्या नियमांनुसार २०० फुटांहून उंच बांधकामावर सहसा इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात. हिमशिखरावर लुकलुकता लाल दिवा कोणाला हवाय?

'एका भागातून दुसरा भाग दिसू नये, हा वॉल्टचा नियम होता.'

अर्धं खरं. १९५५ च्या डिस्नेलँडभोवती वॉल्ट डिस्ने यांनी मातीचा बांध घातला, तो बाहेरचं जग आत दिसू नये म्हणून. पण आतला किल्ला लांबून दिसावा असाच बांधला, लोकांची पावलं तिकडे वळावीत म्हणून. प्रश्न दिसण्याचा नव्हता, काय दिसावं याचा होता.

हे सगळ्यांत चांगलं साधलं ते १९९४ मध्ये. टॉवर ऑफ टेरर दुसऱ्याच पार्कात असूनही एपकॉटच्या मोरोक्को देखाव्यामागे दिसणार होता. डिझाइनरांनी त्याचा रंग आणि माथ्याची घडण मोरोक्कोशी जुळेल अशी ठेवली. हॉलिवूडचं पछाडलेलं हॉटेल तळ्याकाठून मोरोक्कोतलीच एखादी इमारत वाटतं. कॉस्मिक रिवाइंडबद्दल माझी तक्रार इथे आहे. इमारत दिसणारच होती, तर तिला काहीतरी रूप द्यायचं होतं. चौकोनी डबा रंगवून 'बघू नका' म्हणणं हा सगळ्यांत आळशी उपाय. अर्थात तळ्याकाठचा देखावा तिने पहिल्यांदा बिघडवला असंही नाही. १९९० ची 'स्वान' आणि 'डॉल्फिन' ही हॉटेलं तेव्हापासून अकरा देशांमागून डोकावताहेत.

'इतकी वर्षं लागली, म्हणजे काम रखडलं होतं.'

मार्च ते जुलै २०२० पार्क महासाथीमुळे बंद होतं, कामही थांबलं, तेवढं खरं. बाकी, समोरून काही घडताना दिसत नव्हतं कारण जुनं दालन पाडलंच नाही. ते रांगेसाठी आणि प्रस्तावनेसाठी राखलं, खरी राइड मागच्या नव्या इमारतीत. सांगाडा भराभर वर चढतो आणि फोटोत छान दिसतो. नंतरची वायरिंग, पडदे, ध्वनी आणि चाचण्या भिंतीआड चालतात. त्यात इथल्या गाड्या धावताना स्वतःभोवती फिरतात आणि सुरुवातीची झेप उलट्या दिशेने घेतात.

तयार नमुना असला की लवकर होतं, हेही खरं नाही. कॉस्मिक रिवाइंडच्याच दिवशी जाहीर झालेली मॅजिक किंगडमची 'ट्रॉन' ही राइड शांघायमध्ये २०१६ पासून चालू होती. फ्लोरिडात ती ४ एप्रिल २०२३ ला उघडली, कॉस्मिक रिवाइंडनंतर दहा महिन्यांनी. तिच्या कामापायी पार्कची आगगाडी डिसेंबर २०१८ पासून चार वर्षं बंद राहिली.

निळ्या इमारतीवरची ओरड मध्येच थोडी विरली, कारण तिच्याही पुढे काहीतरी आलं. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या 'हार्मोनियस' कार्यक्रमासाठी तळ्यातच प्रचंड तराफे नांगरले गेले आणि ते दिवसाही तिथेच ठाण मांडून असत. एप्रिल २०२३ मध्ये तो कार्यक्रम संपला, तराफे काढून नेले. पाणी मोकळं झालं आणि पलीकडची निळी भिंत पुन्हा अख्खी दिसू लागली.