कोरा रकाना आणि नेमका प्रश्न
(बी. ए. भाग दोन)

संगणकाचा विषय निघाला की आपण कला शाखेचे विद्यार्थी, ‘ते विज्ञानवाल्यांचे काम’ असे म्हणून मोकळे होतो. परंतु वाचकहो, संगणकाच्या क्षेत्रात एक काम असे आहे की ज्याचा संबंध यंत्रापेक्षा भाषेशी अधिक आहे. ते काम म्हणजे डेटाबेस वापरणाऱ्या प्रोग्रामरांच्या शंकांना उत्तरे देणे. माझे मावसभाऊ पुण्याला हेच काम करतात. दिवाळीच्या सुटीत ते अकोल्याला घरी आले असता मी चार दिवस त्यांच्या शेजारी बसून हे काम पाहिले. त्यातून जे समजले ते माझ्या अल्प मतीप्रमाणे येथे मांडत आहे.

डेटाबेस म्हणजे माहितीचे शिस्तीने लावलेले दप्तर. हे दप्तर आपल्याला नवे नाही. गावच्या महसुली दप्तरात गावनमुना सात हा जमिनीच्या हक्कांचा तक्ता असतो आणि गावनमुना बारा हा पिकांचा. दोन्हींत गट क्रमांक असतो. त्या क्रमांकाच्या आधारे दोन्ही तक्ते एकत्र वाचले की सातबारा तयार होतो. जमीन कोणाची हे एका तक्त्यात, त्यात पेरले काय हे दुसऱ्यात, आणि दोघांना जोडणारा दुवा एकच.

हाच विचार १९७० साली एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञाने गणिताच्या भाषेत मांडला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, आणि ती कोठे व कशी साठवली आहे याची चिंता विचारणाऱ्याने करू नये, असे त्याचे सांगणे होते. त्यावरून १९७४ साली आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी प्रश्न विचारण्याची एक भाषा तयार केली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर गेली. ‘सिलेक्ट’ म्हणजे काय हवे, ‘फ्रॉम’ म्हणजे कोणत्या तक्त्यातून, ‘व्हेअर’ म्हणजे कोणत्या अटीवर. या भाषेचे सारे वैभव प्रश्नात आहे. प्रश्न चुकला तरी यंत्र बहुधा तक्रार करीत नाही. ते चुकलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देते. घोटाळा होतो तो येथेच, आणि मग लोक शंका घेऊन येतात.

आता काही नमुने पाहू. आपल्या ओळखीच्या गावांवरच ते मांडते.

पहिली शंका : ‘दोन तक्ते जोडले, पण ओळी दुप्पट आल्या.’ समजा, एका तक्त्यात अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे आहेत. दुसऱ्यात त्यांचे तालुके आहेत : अमरावतीचे १४ आणि अकोल्याचे ७, एकूण २१. दोन्ही तक्ते जोडताना ‘तालुक्याचा जिल्हा तोच असावा’ ही अट लिहायची राहिली, तर यंत्र प्रत्येक तालुका प्रत्येक जिल्ह्याशी जोडते आणि २१ ऐवजी ४२ ओळी येतात. त्यांत धारणी अकोला जिल्ह्यात दिसते आणि तेल्हारा अमरावतीत! यंत्राला मेळघाट कोठे आहे हे ठाऊक नसते. आपण सांगितले तेवढेच त्याला कळते.

दुसरी शंका : ‘नावाने शोधले तर भलतीच माहिती येते.’ आपल्या अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आहे आणि चांदूर बाजारही आहे. बोलताना आपण नुसते ‘चांदूर’ म्हणतो आणि संदर्भाने समोरच्याला ते समजते. यंत्राला संदर्भ नाही. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःचा, कोणाशीही न जुळणारा एक क्रमांक द्यावा लागतो. नावे बदलतात, सीमाही बदलतात. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या नोंदीत रिसोड, मालेगाव हे तालुके अकोल्याखाली सापडणार आणि नंतरच्या नोंदीत वाशीमखाली. दोन्ही काळांची तुलना करायची तर ‘कोणत्या तारखेचा अकोला?’ असा उलट प्रश्न उत्तर देणाऱ्याला विचारावाच लागतो. इतिहासाच्या तासाला आपण हेच शिकतो.

तिसरी शंका आपल्या मराठीची आहे : ‘नाव मराठीत लिहिले, पण तक्त्यात नुसती प्रश्नचिन्हे दिसतात.’ संगणक अक्षरे ओळखत नाही, आकडे ओळखतो. १९९१ साली आलेल्या युनिकोड या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक मिळाला. आपण ‘अमरावती’ या शब्दात पाच अक्षरे मोजतो. युनिकोड काना आणि वेलांटी वेगळी धरून सात चिन्हे मोजते. आणि युटीएफ-८ या प्रचलित पद्धतीने ती साठवली तर प्रत्येकी तीन याप्रमाणे २१ बाइट लागतात. म्हणून ‘या शब्दाची लांबी किती?’ या प्रश्नाला ५, ७ आणि २१ अशी तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही खरी आहेत! ज्या रकान्याला किंवा ज्या आज्ञेला देवनागरीचे क्रमांक ठाऊक नसतात, तेथे अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. एकदा ते साठवले गेले की मूळ अक्षर त्यातून परत मिळत नाही. कोणाचे तरी नाव कायमचे पुसले जाते.

आता जी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटली तिच्याकडे वळते. कोरा रकाना. डेटाबेसच्या भाषेत त्याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, आणि ‘नाही’ असाही त्याचा अर्थ नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’.

एक उदाहरण कल्पू या. गावात दहा शेतकरी आहेत. सहांच्या नावापुढे पीक कापूस आहे, तिघांच्या नावापुढे सोयाबीन किंवा तूर, आणि एकाचा रकाना कोरा आहे. आपण विचारले, ‘ज्यांचे पीक कापूस आहे ते सांग.’ सहा नावे आली. मग विचारले, ‘ज्यांचे पीक कापूस नाही ते सांग.’ कोणालाही वाटेल, आता चार येतील. पण येतात तीनच! दहावा माणूस दोन्ही याद्यांत नाही. कारण त्याचे पीक कापूस आहे काय, याचे उत्तर यंत्रापाशी ‘होय’ नाही आणि ‘नाही’ही नाही. ते ‘माहीत नाही’ असे आहे. आणि ज्या ओळीबद्दल खात्रीचे ‘होय’ येते तीच यंत्र यादीत घेते. कोऱ्याची तुलना कोऱ्याशी केली तरी उत्तर ‘माहीत नाही’ असेच येते. त्या दहाव्या माणसाला शोधायचे तर ‘ज्यांचा रकाना कोरा आहे ते सांग’ असा वेगळा प्रश्न विचारावा लागतो. तो कोणी विचारला नाही, तर यंत्रापुरता तो माणूस गावात असून नसल्यासारखाच.

१५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करावी अशी सोय झाली. सोय चांगली आहे. पण ज्याच्याजवळ तसा मोबाइल नाही, किंवा ज्याच्या शेतात रेंज नाही, त्याचा रकाना कोरा राहू शकतो. हा कोरेपणा तो आळशी आहे असे सांगत नाही, आणि त्याने काही पेरले नाही असेही सांगत नाही. कोऱ्या जागेचा असा अर्थ आपण लावू नये, एवढेच नलचे शास्त्र सांगते.

माझे बाबा एकदा एका यादीत आपले नाव पाहण्यासाठी गेले होते. खिडकीतून उत्तर आले, ‘नाव नाही.’ बाबा परत आले. नाव का नाही हे आम्हाला शेवटपर्यंत समजले नाही. कोरा रकाना होता, की नावाचे लेखन वेगळे होते, की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही. ‘का नाही?’ हा पुढचा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेच आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हते.

म्हणूनच भाऊंची उत्तर देण्याची रीत मला मोलाची वाटते. ‘माझे चालत नाही, मदत करा’ एवढेच कोणी लिहिले तर ते त्याला हसत नाहीत. शांतपणे चार गोष्टी मागवतात. तक्ता कसा आहे? त्यातल्या नमुन्याच्या चार ओळी कोणत्या? नेमके काय विचारले? काय यायला हवे होते आणि काय आले? ‘तुले का दिसलं ते आंधी सांग, तुले का वाटलं ते मंग सांगजो,’ हे त्यांचे वऱ्हाडी सूत्र. पुष्कळदा या चार गोष्टी लिहीत असतानाच विचारणाऱ्याला आपली चूक सापडते आणि तो आभार मानून निघून जातो. भाऊ म्हणतात, ‘उत्तर न देता प्रश्न सुटला, तो दिवस चांगला.’ त्यांच्या उत्तरातही एक शिस्त असते. आधी कारण, मग दुरुस्ती, आणि शेवटी दुरुस्ती खरी झाली हे कसे तपासावे त्याची युक्ती. कोऱ्या रकान्याच्या बाबतीत ती युक्ती अगदी सोपी आहे : याद्यांची बेरीज करा आणि ती एकूण माणसांइतकी भरते का ते पाहा. सहा आणि तीन मिळून नऊ. मग दहावा कोठे आहे?

मित्रहो, ही बेरीज करण्यास संगणक लागत नाही. आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. अर्ज, याद्या, दाखले यांच्याशी आपल्या घरच्यांची गाठ रोजच पडते, आणि ‘नाव नाही’ हे उत्तर त्यांना शेवटचे वाटते. उद्या आपण त्यांच्याबरोबर त्या खिडकीशी उभे राहू, तेव्हा आवाज चढविण्याची गरज नाही. गट क्रमांक, तारीख, नावाचे लेखन हे हाती ठेवून, रकाना कोरा आहे की नोंदच नाही, एवढे नेमके विचारता आले तरी पुष्कळ झाले.