अंगावरचे फोड नागिणीचेच असतील असे नाही

आपल्याकडे सत्तरीच्या माणसाच्या अंगावर पाण्याचे फोड आले की घरात पहिला शब्द निघतो तो नागिणीचा. मग मंतरणाऱ्याकडे फेऱ्या, गेरूचा लेप. त्यात पंधरा दिवस जातात. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि ठणकते. पण महिना-दोन महिने नुसती खाज सुटून नंतर दोन्ही हातांवर, मांड्यांवर, पोटावर टणक फोड आले, तर दुखणे निराळे असू शकते. डॉक्टर त्याला 'बुलस पेम्फिगॉइड' म्हणतात. शरीराची राखण करणारी यंत्रणाच कातडीच्या दोन थरांतला सांधा तोडते आणि मध्ये पाणी साचते. कुंपणानेच शेत खाल्ले म्हणा ना! हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आजोबांचे ताट वेगळे काढू नका.

याचा भाऊबंद म्हणजे पेम्फिगस. तो आपल्या देशात चाळिशी-पन्नाशीतही गाठतो, बहुधा तोंडातल्या फोडांपासून सुरू होतो. पूर्वी त्यातून माणूस क्वचितच वाचे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या 'एम्स'मधील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी ठरावीक दिवसांच्या अंतराने मोठा डोस शिरेतून देण्याची पद्धत रूढ केली आणि चित्र पालटले.

आता ड जीवनसत्त्वाचे. या दोन्ही रोगांच्या रुग्णांत ते कमी असल्याचे अनेक पाहण्यांत आढळले आहे. मात्र कमतरतेमुळेच रोग होतो, हे सिद्ध झालेले नाही. खानदेशात उन्हाला काय तोटा, असे कोणीही म्हणेल. पण म्हातारे माणूस ओसरीवर सावलीत बसते, अंगभर कपडे, डोक्यावर पदर किंवा टोपी. वयाबरोबर कातडीची ताकदही घटते. कळण्याची भाकरी आणि भरीत पौष्टिक खरे, पण त्यात हे जीवनसत्त्व नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फारसे तयार होत नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचे ऊन कामाचे. हिवाळ्यात ते सोसते. मे महिन्यात म्हाताऱ्यांना त्यात बसवू नये. फोड आलेली कातडी तर उन्हात धरूच नये.

खरी गरज पुढे पडते. या रोगांवर स्टिरॉइड द्यावे लागते आणि त्याने हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. म्हणून डॉक्टर सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात. साठ हजार युनिटची पुडी दुकानातून आणून मनानेच रोज घेणारेही आहेत. तसे केल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतते. फोड बसले म्हणून स्टिरॉइड एकदम सोडणे त्याहून घातक.

मधुमेहाच्या 'ग्लिप्टिन' गटातील गोळ्यांनीही काहींना पेम्फिगॉइड होतो. गोळी आपणहून बंद करू नका, पण चिठ्ठी डॉक्टरांना जरूर दाखवा. निदानासाठी कातडीचा छोटा तुकडा तपासावा लागतो. त्यासाठी धुळ्याचे भाऊसाहेब हिरे किंवा जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. आशाताई आणि आरोग्यसेविकांनी असा रुग्ण दिसताच त्याला तिकडे धाडावे. जाताना फोड फोडू नयेत, वर लेप लावू नये. स्वच्छ सुती कापड गुंडाळले की पुरे.