फोटो घरातच लहान करा

परवा रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीचा नोकरीचा अर्ज भरायचा होता, मुदत बारा वाजेपर्यंतची. फोटो ५० केबीच्या आत हवा आणि मोबाइलमधला निघाला ४ एमबीचा, म्हणजे ऐंशीपट जड! "भाईजान, एका वेबसाइटवर टाकला की लहान होऊन येतो म्हणे. आधार कार्डही तिथंच टाकू का?"

मी म्हटलं, "थांब जरा."

अशा पुष्कळ ठिकाणी आपला फोटो आधी त्यांच्या कॉम्प्युटरवर जातो, तिथं लहान होतो आणि मग परत येतो. तिथली प्रत पुसली गेली की नाही, हे आपल्याला कसं कळणार? फोटो, सही आणि आधार एकाच्या हाती लागलं, तर तोतयाला आणखी काय हवं? शिवाय लोकेशन चालू असेल तर मोबाइलच्या फोटोत तो कुठं काढला, तेही नोंदलेलं असतं.

हेच काम आपला ब्राउझर स्वतः करू शकतो. गूगलच्या क्रोम विभागातल्या मंडळींनी २०१८ साली 'स्क्वूश' नावाचं मोफत साधन काढलं. त्याचं पान उघडलं की लहान करण्याचा प्रोग्रॅम आपल्याकडे येतो. फोटो मात्र आपल्या घराबाहेर जात नाही.

कुणी म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका, पडताळून पाहा. आधी एखादा फुलाबिलाचा फोटो लहान करून बघा. मग वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा आणि खरा फोटो निवडा. तरीही काम झालं, तर ते तुमच्याच यंत्रात झालं. लहान झालेली फाइल जतन करा, ते पान बंद करा आणि नंतरच नेट चालू करा.

लहान करताना आधी मापं घटवावीत. लांबी-रुंदी निम्मी केली की ठिपके चौथाईवर येतात. त्यानंतर दर्जा हळूहळू उतरवावा. जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करते आणि डोळ्यांना कमी जाणवणारा तपशील त्यांतून गाळते. त्यामागचं गणित १९७४ साली प्रसिद्ध झालं. ते मांडणाऱ्या तिघांपैकी नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. काय वगळलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही, हे ओळखणं किती अवघड असतं, ते आम्हा कविता लिहिणाऱ्यांना विचारा! पण गाळलेलं परत येत नाही, म्हणून मूळ फोटो जपून ठेवावा. फार दाबलं तर अक्षरांभोवती धुरकट डाग येतात. सहीच्या बाबतीत म्हणूनच भोवतीचा कोरा कागद आधी मोबाइलमध्येच कापून टाकावा.

बहिणीनं नेट बंद करून फोटो लहान केला. ३८ केबी झाला. "आता नेट चालू करू?" तिनं विचारलं.

"ते पान बंद केलंस का?"

"अगोबाई, राहिलंच की!"

अकराच्या सुमारास अर्ज गेला.